डावं डाव्या कानात राहायला हवं : प्युअर डेटामध्ये स्टिरिओ रेकॉर्डिंग

पंचवटीत आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो. गाभाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, उजव्या खांबापाशी पखवाज, आणि बायकांच्या ओळीत पुढून तिसरी माझी आई. लहानपणी मी मागे गोधडीत गुरफटून बसायचे आणि डोळे मिटूनसुद्धा मला कळायचं की आता भूपाळी कुठून उचलली, टाळ कुठून आले, आईचा आवाज कुठे आहे.

गेल्या वर्षी मी हा काकडा पहिल्यांदाच दोन माइक लावून रेकॉर्ड केला. चव्वेचाळीस मिनिटं. घरी येऊन हेडफोन लावला तर सगळा काकडा कपाळाच्या मधोमध! बायका, पुरुष, पखवाज, आई, सगळे एकाच जागी एकमेकांच्या अंगावर उभे राहून गात होते. फाइल दोन चॅनेलची होती, पण दोन्हींत तोच आवाज होता. अशा फाइलमधून डावं-उजवं परत वेगळं काढता येत नाही. त्या दिवशीची गवळण फार सुंदर झाली होती. ती माझ्याकडे आहे, पण तिची जागा माझ्याकडे नाही.

असं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. माझी चूक नेमकी कुठे झाली ते ओघात येईलच.

मी वापरते ती भाषा म्हणजे प्युअर डेटा, थोडक्यात पीडी. मिलर पकेट यांनी ती १९९०च्या दशकात तयार केली. त्याआधी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संस्थेत त्यांनीच मॅक्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता, पीडी त्याच घराण्यातली. ती मोफत आहे, तिचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पायवरसुद्धा चालते. माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स आहे, आणि पीडीनं त्याला कधी दमवलं नाही.

रेकॉर्डिंगसाठी तयार सॉफ्टवेअर कितीतरी आहेत, मग भाषा कशाला? माझं कारण माझ्या कामात आहे. मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते. कुठली तार कुठून निघून कुठे जाते हे डोळ्यांना दिसलं की मला विश्वास वाटतो. पीडीत कोड ओळींनी लिहायचा नसतो. पांढऱ्या कागदावर चौकटी मांडायच्या आणि तारांनी जोडायच्या. चौकटीच्या वरच्या काठावर आत येण्याची तोंडं, म्हणजे इनलेट. खालच्या काठावर बाहेर पडण्याची, म्हणजे आउटलेट. आवाज वाहून नेणारी तार जाड दिसते, नुसता निरोप किंवा आकडा नेणारी बारीक. पॅनेलमध्ये पॉवरची केबल आणि सिग्नलची वायर ओळखावी तितकं सोपं.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. पीडीत सगळी नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायची असतात. मी इथे ती देवनागरीत देते आहे. 'एडीसी~' म्हणजे ए, डी, सी ही तीन अक्षरं आणि लगेच टिल्डाची नागमोडी खूण. 'राइटएसएफ~' मध्ये 'राइट' हे लिहिणे या अर्थाचं स्पेलिंग, पुढे एस, एफ आणि टिल्डा. टिल्डा विसरू नका. टिल्डा असलेली चौकट आवाजावर काम करते, नसलेली निरोपांवर. आकडेही तिथे इंग्रजी, म्हणजे 1, 2, 3 असे टाइप करायचे.

आधी यंत्राकडे बघू. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जो माइक लागतो तो मोनो असतो. पीडी तुम्हाला दोन चॅनेल दाखवेल, पण दोन्हींत एकच माइक येत असेल. स्टिरिओसाठी दोन माइक इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकांचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी, लागतो. कंडेन्सर माइक, म्हणजे चालायला वीज लागणारे माइक असतील, तर त्यावर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर सुरू करा; ती वीज माइकच्या केबलमधूनच जाते. दोन्ही माइक एकाच मॉडेलचे हवेत. दोन वेगळ्या माइकांचा पोत वेगळा असतो, मग एकच आवाज डाव्या-उजव्या बाजूला निरनिराळा रंग घेऊन येतो आणि चित्र हलतं.

पीडीच्या मेनूत मीडिया, त्यात ऑडिओ सेटिंग्ज. इनपुट डिव्हाइस म्हणून लॅपटॉपचा आतला माइक न ठेवता इंटरफेस निवडा, चॅनेल २ करा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा, मी ४८००० ठेवते. तिथेच डिले मिलिसेकंदांत भरायची जागा असते. गिटार लावून थेट वाजवणाऱ्याला तो कमी हवा असतो. आपण फक्त टिपून घेणार, म्हणून मी ८० ठेवते. कमी ठेवला तर जुना लॅपटॉप मध्येच धाप टाकतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक येते.

आता नवी फाइल उघडा आणि काहीही करण्याआधी ती सेव्ह करा. पीडीतली फाइल म्हणजे पॅच. पॅच ज्या फोल्डरमध्ये असेल त्याच फोल्डरमध्ये तुमचं रेकॉर्डिंग जाऊन पडतं. पॅच सेव्हच केला नसेल तर रेकॉर्डिंग कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं.

कंट्रोल दाबून १ दाबलं की ऑब्जेक्टची चौकट मिळते, २ दाबलं की मेसेजची, ३ दाबलं की आकड्याची. पहिल्या चौकटीत लिहा 'एडीसी~ १ २'. हा आत येणारा आवाज; डावा आउटलेट पहिल्या माइकचा, उजवा दुसऱ्याचा. खाली दुसरी चौकट, 'राइटएसएफ~ २'. हा आवाज डिस्कवर लिहितो आणि शेवटचा २ म्हणजे दोन चॅनेल. तो २ राहिला तर चौकटीला एकच इनलेट दिसेल. आता एडीसीच्या डाव्या आउटलेटपासून राइटएसएफच्या डाव्या इनलेटपर्यंत तार, उजव्यापासून उजव्यापर्यंत तार. दोन समांतर उभ्या रेषा. त्या कुठेही एकमेकींना ओलांडत नाहीत हे एकदा नीट बघून घ्या.

मग तीन मेसेज. पहिल्यात 'ओपन -बाइट्स ३ काकडा.वॅव', दुसऱ्यात 'स्टार्ट', तिसऱ्यात 'स्टॉप'. तिघांच्याही तारा राइटएसएफच्या डाव्या इनलेटलाच जातात. 'बाइट्स ३' म्हणजे २४ बिट; ते लिहिलं नाही तर १६ बिटची फाइल होते. काकड्यात आधी एकट्या बाईची हलकी भूपाळी असते आणि शेवटी पखवाजासह सगळं देऊळ गर्जत असतं. एवढा चढउतार असला की २४ बिटचा उपयोग होतो, कारण गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, निवांत खाली ठेवता येतो. फाइलच्या नावात जागा सोडू नका. पीडीसाठी जागा म्हणजे पुढचा शब्द, आणि नाव अर्धवट तुटतं.

कंट्रोल आणि ई दाबून एडिट मोडमधून बाहेर या. कंट्रोल आणि तिरपी रेघ (/) दाबून डीएसपी, म्हणजे पीडीचं आवाजावरचं काम, सुरू करा. डीएसपी बंद असेल तर पीडी आवाजाला हातच लावत नाही, आणि 'स्टार्ट' दाबूनही फाइल रिकामी राहते. मग ओपन, स्टार्ट, हवं तेवढं रेकॉर्डिंग, स्टॉप. ओपन आणि स्टार्टमध्ये थांबायची गरज नाही. स्टॉप आणि पुढच्या ओपनमध्ये मात्र थोडा वेळ द्या, कारण उरलेला आवाज तेव्हा डिस्कवर उतरत असतो. आणि स्टॉप न दाबता लॅपटॉप बंद पडू देऊ नका. फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी नोंदलेली असते, ती नोंद शेवटी होते. पहाटे निघताना चार्जर पिशवीत घाला.

जागा किती लागते? ४८००० सॅम्पल, दोन चॅनेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. मिनिटाला सतरा एमबीच्या आसपास, तासाला एक जीबीच्या थोडं वर. साधी वॅव फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, तेव्हा सलग चार तासांच्या आत स्टॉप करून नवी फाइल घ्या.

एवढ्यावर रेकॉर्डिंग होतं. पण आवाज किती येतोय हे दिसायला हवं. 'ईएनव्ही~ ८१९२' अशा दोन चौकटी मांडा, एडीसीच्या प्रत्येक आउटलेटला एक, आणि प्रत्येकीखाली आकड्याची चौकट. हा आकडा सरासरी पातळी डेसिबलमध्ये दाखवतो. पीडीच्या मापात १०० म्हणजे भरलेलं भांडं. मी गाण्यासाठी सरासरी ७०च्या आसपास ठेवते. पखवाजाची थाप किंवा ढोलाचा टोला त्या सरासरीच्या कितीतरी वर उडतो, म्हणून वर भरपूर जागा सोडायची. आवाज कमी-जास्त करायचा तो इंटरफेसच्या गेनच्या बटणावरच. माइकचा आवाज इंटरफेसमध्येच फाटला, तिथला लाल दिवा लागला, तर पीडीत नंतर कितीही कमी केलात तरी फाटलेलं ते फाटलेलंच.

ऐकण्यासाठी 'डीएसी~' ही चौकट, हा बाहेर जाणारा आवाज. एडीसी आणि डीएसीच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक '*~ ०.३' टाका, म्हणजे कानावर एकदम आदळणार नाही. ही गुणाकाराची चौकट फक्त ऐकण्याच्या वाटेवर असू द्या, राइटएसएफच्या वाटेवर नको. आणि हेडफोनच वापरा. स्पीकर लावलात तर त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी घुमेल, आणि देवळात पहाटे तसं झालेलं कोणालाच चालणार नाही.

इथे माझी चूक येते.

दोन माइक लावले की एक तपासणी करावी लागते. डावं आणि उजवं एकत्र करून ऐकायचं. आपलं रेकॉर्डिंग कोणी मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकेल, तेव्हा दोन माइकांचे आवाज एकमेकांना खाऊन टाकत नाहीत ना, हे बघायला. पीडीत हे करणं फार सोपं आहे. एकाच इनलेटला आवाजाच्या दोन तारा जोडल्या की पीडी त्यांची आपोआप बेरीज करून घेते. ना इशारा, ना तक्रार. मी त्या रात्री घरी हीच तपासणी केली. डाव्यापासून उजवीकडे एक आडवी तार, उजव्यापासून डावीकडे एक. ऐकलं, समाधान झालं, पॅच सेव्ह केला, झोपले. त्या दोन आडव्या तारा मी डीएसीला जोडायच्या ऐवजी राइटएसएफला जोडल्या होत्या, आणि काढल्या नव्हत्या.

पहाटे देवळात आकड्यांच्या चौकटी बघितल्या. डावी ६८, उजवी ७३, सारखी बदलणारी. दोन आकडे वेगळे, म्हणजे स्टिरिओ आहे असं मी धरून चालले. पण ते आकडे एडीसीपाशी मोजलेले होते, आणि बेरीज होत होती त्याच्या खाली, राइटएसएफच्या तोंडाशी. पॅनेलमध्ये इनकमरला, म्हणजे वीज आत शिरते तिथे, व्होल्टेज आहे म्हणून मोटारीपर्यंत पोचलं असं कोणी समजत नाही. टर्मिनलवर टेस्टर लावूनच बघतात. हे मला रोजच्या कामात पक्कं ठाऊक आहे, आणि तिथे मी ते केलं नाही.

तेव्हापासून मी फाइलवर टेस्टर लावते. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी दहा सेकंदांची चाचणी घेते. पॅचच्या कोपऱ्यात 'रीडएसएफ~ २' ही चौकट आहे. ती डिस्कवरची फाइल वाचून वाजवते. तिला दोन मेसेज, एक 'ओपन चाचणी.वॅव' आणि दुसरा नुसता '१'. रीडएसएफच्या पहिल्या दोन आउटलेटपासून दोन तारा '-~' या वजाबाकीच्या चौकटीच्या दोन इनलेटला. वजाबाकीखाली 'ईएनव्ही~ ८१९२' आणि आकडा. डाव्यातून उजवं वजा केलं आणि दोन्ही सारखेच असतील, तर उरतं शून्य. फाइल वाजत असताना तिथे शून्य दिसलं की समजावं, कुठेतरी तारा एक झाल्या आहेत, किंवा दोन्हींत एकच माइक येतो आहे. आकडा हलता असेल तर दोन चॅनेल खरोखर वेगळे आहेत.

वेगळे आहेत एवढ्यानं डावं डावीकडेच आहे हे ठरत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी, आणि तिला कुठलीही चौकट लागत नाही. माइकच्या मागे, समोर तोंड करून उभं राहायचं. मग माझ्या डाव्या हाताच्या टोकाला जाऊन स्पष्ट म्हणायचं, "डावं." चालत उजव्या टोकाला जाऊन, "उजवं." चालतानाही बोलत राहायचं. नंतर हेडफोनमध्ये ऐकायचं, हेडफोन कानावर बरोबर चढवलाय हे बघून. पहिल्यांदा मी असं केलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, देवळात काय डावं-उजवं करत फिरतेस?" मी तिला हेडफोन लावून ऐकवलं. ती माझा आवाज ऐकत मान डावीकडून उजवीकडे वळवत गेली. आता तीच विचारते, "डावं-उजवं झालं का गं तुझं? मग सुरू करू."

केबलींनाही मी फेरूल चढवल्या आहेत. आमच्या कामात प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असतो. माइकपाशी १, इंटरफेसपाशीही १. उजव्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेपही आहे. पहाटे पाचला, अर्ध्या उजेडात, घाईत, डोकं चालत नाही; टेप दिसते.

माइक ठेवायचे कसे याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण स्टिरिओ इथेच घडतं, पॅच त्याला फक्त सांभाळतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१च्या डिसेंबरमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्याचा विचार साधा होता: दोन कानांना जो फरक कळतो तो दोन माइकांनी पकडायचा. हा फरक दोन प्रकारचा. एक, डावीकडचा आवाज डाव्या कानाला जरा मोठा ऐकू येतो. दोन, तो डाव्या कानाला जरा आधी पोचतो. आवाज साध्या हवामानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सतरा सेंटिमीटर जायला त्याला अर्धा मिलिसेकंद लागतो. एवढ्याशा वेळावरून आपल्याला दिशा कळते.

एक्सवाय पद्धतीत दोन्ही माइकांची तोंडं एकावर एक आणून ९० अंशांत फाकवतात. तिथे वेळेचा फरक नसतो, फक्त मोठा-लहानचा असतो. एकत्र करून ऐकलं तरी आवाज खाल्ला जात नाही, पण चित्र जरा आखडतं. ओआरटीएफ ही फ्रेंच रेडिओतून आलेली पद्धत. माइकांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. हिच्यात दोन्ही फरक येतात. मला काकड्यासाठी आणि नदीच्या घाटावरच्या रेकॉर्डिंगसाठी हीच आवडते. तयार पट्टी विकत न घेता मी वर्कशॉपमधल्या डिन रेलचा तुकडा घेतला, ज्यावर एमसीबी बसवतात ती ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी. तिच्यावर १७ सेंटिमीटरवर दोन खुणा केल्या, दोन्ही माइकांचे क्लिप बोल्टनं बसवले, आणि कोनमापकानं ११० अंश मोजून रेलवर कोरून ठेवले. माइक डावा डावीकडे बघतो, उजवा उजवीकडे. काही जण माइक आत वळवतात. तसं केलंत तर डावं-उजवं उलटं होईल, आणि चाचणीत लगेच कळेल.

देवळात मी स्टँड मधोमध, पहिल्या ओळीपासून दोन मीटर मागे आणि बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर ठेवते. आमचा सभामंडप दगडी आहे, आवाज घुमतो. मागे गेलं की घुमणं वाढतं आणि बायकांची ओळ एकच ढग होऊन जाते. फार पुढे गेलं की पखवाज सगळ्यांवर चढतो. दोन मीटरवर आईचा आवाज ओळीतून वेगळा ऐकू येतो.

ढोलाचं गणित उलटं आहे. मी एका पथकात वाजवते, आणि गणपतीच्या आधी नदीकाठच्या मैदानावर आमचा सराव चालतो. नाशिक ढोलाच्या टोल्याजवळ माइक ठेवून काहीही हाती लागत नाही, नुसता धक्का येतो. सहा-सात मीटर मागे, स्टँड पूर्ण वर, गेन अगदी खाली. मग ताशे पुढे, ढोलांची अर्धवर्तुळाकार रांग मागे, आणि झांजा एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाताना स्वच्छ कळतात.

घाटावर वारा हा मोठा शत्रू. माइकवर जाड फोम किंवा केसाळ टोपी हवीच. पीडीत 'एचआयपी~ ८०' ही चौकट ८० हर्ट्झच्या खालची घरघर कमी करते, पण तीही मी रेकॉर्डिंगच्या वाटेवर ठेवत नाही, फक्त ऐकण्याच्या. मूळ आवाज जसा आला तसा लिहून घ्यायचा. गाळणं नंतर कधीही करता येतं, गाळलेलं परत आणता येत नाही.

रामकुंडावर पंचवटीच्या काठावरून नदीकडे तोंड केलं की वरच्या अंगाचा होळकर पूल उजवीकडे येतो आणि दुतोंड्या मारुती खालच्या अंगाला, डावीकडे. पूर आला की सगळं नाशिक त्या मारुतीवरून पाणी मोजतं, कमरेला लागलं की छातीला. मी पहाटे तिथे स्टँड लावते. उजव्या कानात पुलावरून पहिली वाहनं सरकत जातात. मध्ये पाण्यात बुडी मारून वर आलेल्या माणसाचा श्वास. डावीकडे पायऱ्यांवर कपडे आपटल्याचा आवाज, आणि तो समोरच्या दगडांवर आदळून क्षणभरानं उजवीकडून परत येतो. मोनोत हा परत आलेला आवाज वेगळा कळलाच नसता. मागून कबुतरांचा थवा एकदम उठतो आणि डोक्यावरून जातो. जवळच नारोशंकराचं देऊळ. तिथली मोठी घंटा १७३९च्या वसईच्या विजयाची आठवण म्हणून आणली असं इथे सांगतात. घाटावर वर्दळ वाढत जाते आणि सिंहस्थ आला की काठाचा आवाजच पालटतो. २०१५च्या सिंहस्थात माझ्याकडे फक्त मोबाइल होता. त्यातलं मोनो रेकॉर्डिंग ऐकताना गर्दी कळते, पण मी कुठल्या पायरीवर उभी होते ते कळत नाही.

आता फाइलींच्या नावांचं. राइटएसएफ जुन्या नावावर नवं रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय चढवते. रोज काकडा.वॅव हेच नाव ठेवलं तर रोज कालचा काकडा पुसला जाईल. म्हणून नंबर आपोआप वाढणारी सोय करा.

एक टॉगल घ्या, म्हणजे चालू-बंद होणारी चौकोनी खूण. कंट्रोल, शिफ्ट आणि टी. तिच्याखाली 'सिलेक्ट १ ०'. टॉगल चालू झाला की सिलेक्टच्या पहिल्या आउटलेटमधून ठिणगी, म्हणजे 'आता कर' एवढाच निरोप, येते; बंद झाला की दुसऱ्यामधून. दुसरी थेट 'स्टॉप' या मेसेजला. पहिलीखाली 'टी बी बी' ही चौकट, तीन सुटी अक्षरं. ती एका ठिणगीच्या दोन करते आणि आधी उजवी सोडते, मग डावी. पीडीत चौकटीचे आउटलेट उजवीकडून डावीकडे सुटतात, हा नियम मनात पक्का बसवा. आपल्याला आधी ओपन हवं, मग स्टार्ट. म्हणून उजवा आउटलेट नंबराकडे आणि डावा 'स्टार्ट'ला.

नंबरासाठी 'एफ १' आणि '+ १' या दोन चौकटी. टी बी बीची उजवी ठिणगी एफच्या डाव्या इनलेटला. एफचा आउटलेट '+ १'ला, आणि '+ १'चा आउटलेट परत एफच्या उजव्या इनलेटला. दर वेळी एफ हातातला आकडा देते आणि पुढचा धरून ठेवते. एफपासूनच दुसरी तार 'मेकफाइलनेम' या चौकटीला. तिच्यात त्याच ओळीत एक जागा सोडून 'काकडा-' आणि पुढे टक्क्याची खूण, शून्य, दोन, डी, '.वॅव' असं सलग लिहा. त्यातून काकडा-०१, काकडा-०२ अशी नावं बनतात. तिथून 'ओपन -बाइट्स ३ $१' या मेसेजला आणि तो मेसेज राइटएसएफला. बनलेलं नाव $१च्या जागी जाऊन बसतं.

याला एक खळगा आहे. पॅच बंद करून पुन्हा उघडला की नंबर परत १ पासून सुरू होतो, आणि कालची पहिली फाइल जाते. म्हणून मी मेकफाइलनेममध्ये 'काकडा-'च्या पुढे त्या दिवसाची तारीख लिहिते आणि घरून निघायच्या आधीच पॅच सेव्ह करते.

ऐकताना एक लक्षात ठेवा. रीडएसएफ फाइलचा सॅम्पल रेट बघून स्वतःला जुळवत नाही. ४८०००वर घेतलेली फाइल पीडी ४४१००वर असताना लावली तर पट्टी उतरते आणि लयही रेंगाळते. आई पहिल्यांदा तशी ऐकून घाबरली होती, आपला आवाज बसला की काय म्हणून. फाइल ठीक होती, सेटिंग बदलल्यावर आवाज जागेवर आला.

या कार्तिकातलं रेकॉर्डिंग झालं तेव्हा घरी येऊन मी आधी वजाबाकीचा आकडा पाहिला. ६१, हलता. मग हेडफोन आईला दिला. तिनं डोळे मिटले आणि भूपाळी संपेपर्यंत बोलली नाही. मग डाव्या कानावर बोट ठेवून म्हणाली, "ही मी. आणि माझ्या पलीकडे शेजारच्या काकू, त्या आज जरा खाली गायल्या."

शेवटचं काम वहीत. फाइलचं नाव, तारीख, देऊळ की घाट, माइकचं तोंड कुठल्या दिशेला, पहिल्या ओळीपासून अंतर, उंची, गेनचं बटण किती वाजल्यावर होतं, आणि कोण कुठे बसलं होतं ते. माझ्या वहीत त्या पानावर देवळाचा लहानसा नकाशा आहे, त्यात उजव्या खांबापाशी 'प' आणि डाव्या ओळीत तिसरी फुली.